मशिदीतला खुर्च्यांचा कोपरा

टेलरमास्तर सजद्यात गेले ते उठलेच नाहीत.

असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज चालली होती. इमामांनी पुकारलं, तशी रांगेतली सगळी माणसं चटईवरून कपाळ उचलून उभी राहिली आणि दाराजवळ मास्तर तेवढे तसेच, कपाळ टेकलेलं, पाठीची कमान झालेली. डाव्या बाजूच्या रंगाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला आज भक्तीचं भरतं आलंय. उजव्या बाजूच्या औषधवाल्याला वाटलं, गेले. पण नमाज मोडून खाली वाकून बघणार कोण? ती उरकेपर्यंत दोघंही आपापल्या जागी घामाघूम झाले. शेवटी एकदाचं सगळ्यांनी उजवीकडे नि डावीकडे तोंड वळवून सलाम केला, आणि खालून मास्तरांचा आवाज आला, "अरे, बघताय काय नुसते? उचला की मला!"

जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारून मारून मास्तरांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त मास्तरांना मान्य नव्हतं. रंगारी आणि औषधवाल्यानं त्यांना काखेत धरून उभं केलं. इमाम वयानं मास्तरांच्या पोराएवढे, पण बोलायला ठाम.

"मास्तर, उद्यापासून तुम्ही खुर्चीवर."

"का? मला काय धाड भरलीय?"

"खुर्ची," इमाम म्हणाले आणि टोपी नीट करत निघून गेले.

मास्तरांनी चपला घातल्या, रंगाऱ्याचा आधाराचा हात झटकला आणि भिंत धरत घर गाठलं. दुसऱ्या दिवशी ते मशिदीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आता खुर्चीवर बसायला माणसाला एवढं काय जड जावं? तर मास्तरांना खुर्चीचं वावडं नव्हतं, वावडं होतं खुर्चीच्या जागेचं. मशीद इवलीशी. एका अंगाला लॉन्ड्री, दुसऱ्या अंगाला सायकलचं दुकान, आणि दोघांच्या मध्ये अंग चोरून उभी. नमाजात खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, रांगेत फट ठेवायची नाही, हा नियम. मध्येच खुर्ची आली की रांग तुटते, म्हणून गुडघे गेलेल्यांची सोय रांगेच्या टोकाला. एका टोकाला दार. राहिलं दुसरं, खिडकीपाशी. तिथं कशाबशा दोन खुर्च्या मावत, आणि त्यातल्या एकीवर मास्तरांचा सख्खा थोरला भाऊ बसायचा. वर त्या दोन्ही खुर्च्या त्यानंच बनवलेल्या. तो सुतार होता.

या भावाशी मास्तर कित्येक वर्षं बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे अगदी अक्षरसुद्धा नाही. दोघांची घरं एकाच गल्लीत. थोरला समोरून आला की मास्तरांना अचानक दुकानाच्या पाट्या वाचाव्याशा वाटत. मशिदीत थोरला खिडकीशी, तर हे दाराशी. बांगीकाका, म्हणजे मशिदीत बांग देणारे म्हातारे, कधीमधी चिमटा काढायचे, "मास्तर, जन्मभर तोंड फिरवून बसलात, पण सलामाला तोंड वळवता ते त्याच्याचकडे हो!" मास्तर म्हणायचे, "मी रंगाऱ्याला सलाम करतो. तो पुढं कुणाला पोचतो ते मला माहीत नाही."

आधी असं नव्हतं. बाप लवकर गेला तेव्हा थोरल्यानं रंधा हातात घेतला आणि धाकट्याला शिवणकामाला घातलं. पहिलं मशीन आणलं तेव्हा त्याचं टेबल थोरल्यानं सागवानाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून करून दिलं. त्याच टेबलावर मास्तरांनी गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं उतरलं, कुणाला बाळसं आलं, सगळं त्यांच्या टेपला आधी कळायचं. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. मग थोरल्याचा मुलगा आणि मास्तरांची मुलगी यांचं ठरलं. घरातल्या घरात. सगळे खूश. मास्तरांनी तर पुतण्याचं माप घेऊन लग्नाचा कोट कापूनसुद्धा ठेवला. आणि एक दिवस नमाज सुटल्यावर, पायरीवर, मास्तरांची एक चप्पल पायात आणि एक बाहेर असताना बांगीकाका त्यांच्या कानाशी लागले, "थोरल्यांनी निरोप दिलाय. ते काही जमणार नाही म्हणे."

पोरानं दुसरीकडेच जमवलं होतं. होतं असं, कुणाच्या घरी होत नाही? मास्तरांची मुलगीही पुढं चांगल्या घरी पडली, आणि लग्नानंतर तिनं हसत हसत आईला सांगितलं की तिला तो मुलगा मुळात आवडलाच नव्हता. म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नाही. पण मास्तरांच्या मनातून एकच गोष्ट जाईना. सख्खा भाऊ चार घरं ओलांडून स्वतः आला नाही. दुसऱ्याच्या हाती निरोप धाडला, तोही पायरीवर, चारचौघांत. "त्यानं माझ्या दारात यावं आणि एक वाक्य बोलावं, की बारक्या, चुकलं माझं. बस. मी सोडून देईन," असं ते बायकोला सांगत. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग वर्षातून एकदा. थोरला काही आला नाही. पुढं मशीनच्या टेबलाचा पाय डुगडुगायला लागला, तर मास्तरांनी खाली चिंध्यांची घडी सारली, पण सुताराला बोलावलं नाही. दुसऱ्या सुतारालाही नाही. ते का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

असे हे मास्तर घरी बसले. पण त्या मशिदीची एक खोड होती. ती कुणाला घरी बसू द्यायची नाही. नमाजापुरती ती कधीच नव्हती. गल्लीत कुणाला शिडी लागली तर मशिदीतून, आजाऱ्याला चाकाची खुर्ची लागली तर मशिदीतून. कुणाचं पोर हरवलं, कुणाचं पाकीट सापडलं, कुणाला रक्त पाहिजे, उद्या नळाला पाणी नाही, सगळं बांगीकाका भोंग्यावरून सांगत. बाहेरगावी जाणारी मंडळी घराच्या किल्ल्या त्यांच्याच खुंटीला अडकवून जात, त्यात लॉन्ड्रीवाल्याचीही असे, जो कधी नमाजाला उभा राहिला नव्हता. नवराबायकोची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं हातपाय धुवायच्या नळांपाशी दगडी कट्ट्यावर बसून मिटत. न मिटलेलं असं एकच होतं, आणि त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

तेव्हा मास्तर दिसेनात म्हटल्यावर लोक दुकानात यायला लागले. औषधवाला धडधाकट पँट उसवून घेऊन आला. रंगारी आला, त्याला काहीच शिवायचं नव्हतं, तो नुसता बसून राहिला. शेवटी बांगीकाका आले.

"मास्तर, उद्या या."

"त्याच्या हातच्या खुर्चीवर? त्याच्या मांडीला मांडी लावून? त्यापेक्षा मी घरी पढेन."

"घरी पढा हो. पण कुणीतरी तिथं बसायला पाहिजे."

"म्हणजे?"

बांगीकाकांनी उगाच कात्री उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "उद्या या," ते पुन्हा म्हणाले.

मास्तरांना त्या 'कुणीतरी'चा अर्थ लागला नाही, आणि अर्थ लागला नाही की त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी असरला ते गेले. सगळी मशीद आपल्याकडे बघतेय हे पाठीला कळत होतं. खिडकीपाशी जाऊन ते रिकाम्या खुर्चीवर बसले, नजर थेट समोर.

"बारक्या," शेजारून आवाज आला, "तुझेपण गुडघे गेले का रे?"

 इतक्या वर्षांनी, आणि आवाज कसा, तर सकाळीच सोबत चहा घेतल्यासारखा.  इतक्यात नमाज सुरू झाली म्हणून बरं. त्या दिवशी मास्तरांनी नमाजात काय म्हटलं ते देवालाच ठाऊक. त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं: बोलला. आज बोलला. म्हणजे आता ते वाक्यही बोलेल. म्हातारपणी का होईना, उपरती झाली म्हणायची.

पण नमाज संपल्यावर थोरला म्हणाला, "अब्बांना सांग, संध्याकाळी मला उशीर होईल. दोन दारं बसवायचीत." अब्बांना जाऊन जमाना लोटला होता.

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच नीट बघितलं. सदऱ्याची बटणं एका घराच्या फरकानं लागलेली. दाढी एका बाजूला राहिलेली. तेवढ्यात औषधवाला आला, त्यानं थोरल्याच्या पायापुढं त्याच्या चपला ठेवल्या आणि हाताला धरून त्याला उठवलं. "चला काका, घरी." हे रोजचं होतं, हे बघताक्षणी कळत होतं.

मास्तर तरातरा, म्हणजे गुडघे देतील तेवढे तरातरा, बांगीकाकांकडे गेले. "हे कधीपासून?"

"झालं की वर्ष. वर होऊन गेलं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मागं एकदा तुम्हाला निरोप सांगितला, त्याचं काय झालं ते मी अजून भोगतोय," बांगीकाका म्हणाले. "आळीपाळीनं उभे राहतो आम्ही त्याच्या शेजारी. कधी बसायचं, कधी झुकायचं, विसरतो तो. मध्येच उठून चालायला लागतो. कुणीतरी हलकेच बाही धरायची, एवढंच. आता तुमची पाळी समजा."

घरी येऊन मास्तरांनी बायकोवर तोंड टाकलं. "तुला माहीत होतं?"

"होतं. वहिनी येतात माझ्याकडे रडायला. दुपारी, तुम्ही दुकानात असता तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही, हे कोण म्हणालं होतं? मी?"

 मास्तर जेवले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. सगळ्या गल्लीनं त्यांच्या भावाला सांभाळलं होतं, रंगाऱ्यानं, औषधवाल्यानं, परक्या लोकांनी, आणि हे दहा पावलांवर दाराशी उभे राहून मान ताठ ठेवण्यात गुंतले होते. पण खरं सांगायचं तर राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. ज्याच्याकडून ते वाक्य घ्यायचं, तोच हातातून निसटत होता. हा विसरून मोकळा होणार आणि आपण एकटे ते भांडण छातीशी धरून बसणार, हा कुठला न्याय?

तेव्हापासून मास्तर एक नमाज चुकले नाहीत. लोक म्हणाले, भाऊ भेटला, बरं झालं. मास्तरांचा डाव वेगळा होता. थोरल्याचं डोकं अधूनमधून लख्ख असायचं. कुठल्या लाकडाला वाळवी धरते, कुणाच्या घराला कसलं दार बसवलं, सगळं सांगायचा. अशाच एखाद्या लख्ख घटकेला त्याला गाठायचं आणि विचारायचं. एकदा घरी सोडताना त्यांनी गाठलंच.

"दादा, तेव्हा तू स्वतः का नाही आलास?"

"कुठं?"

"माझ्याकडे. पोरांचं मोडलं तेव्हा."

थोरला थांबला. कपाळाला आठ्या घालून विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "अरे हो, तुला सांगायचंच राहिलं. पोरगी गुणाची आहे हो तुझी. आमच्या हिला अगदी लेकीसारखी. थोडे दिवस माहेरी धाडू का?"

 "राहू दे," मास्तर म्हणाले. "सुखात आहे ती."

त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. सोडलं म्हणजे आशा सोडली. शेजारी बसायचं, झुकायची वेळ झाली की आपण आधी झुकायचं, थोरला बघून झुकायचा. उठायला लागला की बाही धरायची. सदऱ्याची बटणं तिथंच काढून नीट लावायची. ते काम तर त्यांच्या हातचंच. कधी थोरला ऐन नमाजात मोठ्यानं म्हणायचा, "बारक्या, खिळे आण," आणि मागच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटायचं. मास्तरांनाही फुटायचं. मग हळूहळू 'बारक्या' कमी झालं. मग बंदच झालं. थोरला त्यांच्याकडे बघून सभ्यपणे मान हलवायला लागला, तशी तो औषधवाल्याकडे बघूनही हलवायचा. त्या दिवशी मास्तर घरी येऊन दुकान न उघडता बसले. बायकोनं पुढ्यात चहा ठेवला.

आणि मग एका असरला, नमाज सुटून लोक गेल्यावर, दोघं खिडकीपाशीच बसून राहिले. पुढची नमाज फार लांब नव्हती, आणि चार गुडघे घरी नेऊन परत आणण्यात अर्थ नव्हता. बांगीकाका नळांपाशी कट्टा धूत होते. थोरला बराच वेळ चुळबुळत होता. मग तो मास्तरांकडे वळला.

"अहो भाईसाहेब, तुम्ही इथलेच ना?"

"इथलाच."

"मग टेलरमास्तर माहीत असतील तुम्हाला. माझा धाकटा भाऊ."

मास्तरांनी मान हलवली. 

"माझ्याशी बोलत नाही तो," थोरला आवाज खाली आणून म्हणाला. "चूक माझी आहे. त्याच्या लेकीचं माझ्या पोराशी ठरलं होतं, पोरानं मोडलं. मी सांगायला निघालो होतो हो. खोटं नाही. त्याच्या दारापर्यंत गेलो. आतून मशीनचा आवाज येत होता, आणि तो गात होता. कोट शिवत होता, माझ्या पोराचा. माझा पाय उचलेना. तसाच माघारी फिरलो आणि बांगीला पाठवलं. वाईट केलं मी. भावाला असं कुणी कळवतं का?"

मास्तर खिडकीच्या गजाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी या घटकेसाठी एक जबाब घोळवून घोळवून ठेवला होता, चांगला झोंबणारा. त्यातला एक शब्द आठवेना.

"तुम्ही सांगाल त्याला?" थोरल्यानं त्यांचा हात धरला. "म्हणावं, दादा म्हणाला, चुकलं माझं. माझ्याच्यानं जाववत नाही आता, रस्ता सापडत नाही."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

"चिडेल तो. तापट आहे."

"चिडू दे."

"आणि काय म्हणाला ते येऊन सांगा मला. विसरू नका हं."

मास्तर उठले. उद्यावर टाकून भागणार नव्हतं, उद्या कोण कुणाला ओळखणार? भिंत धरत ते नळांपाशी गेले आणि दगडी कट्ट्यावर बसून ढसाढसा रडले. बांगीकाकांनी शेजारचा नळ मोठा सोडून दिला, म्हणजे आवाज आत जायला नको. मग मास्तरांनी तोंड धुतलं, नाक शिंकरलं, सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसला आणि परत आत आले. थोरला दाराकडे डोळे लावून बसला होता.

"भेटला का?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादाला सांगा, एवढं साधं बोलायला इतकी वर्षं लावलीस होय रे, गाढवा."

थोरल्यानं डोळे मोठे केले. "मला? थोरल्या भावाला गाढव म्हणाला?"

"अगदी असंच म्हणाला."

थोरला खुर्चीत मागं रेलला. त्याच्या तोंडभर हसू पसरलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"म्हणजे बोलला," तो म्हणाला. "बोलला की हो माझ्याशी!"